तज्ज्ञांच्या संघटना, कायदेमंडळ आणि आपण

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत न्यासाच्या वतीने केलेल्या भाषणाची संहिता)

सन्माननीय विश्वस्त मंडळ, देणगीदार बंधू-भगिनी आणि आपली माणसे विश्वासाने आमच्या स्वाधीन करणारे रुग्णांचे आप्तेष्ट,



दरवर्षी या प्रसंगी आम्ही वर्षभराच्या कार्याचा आढावा आणि जमाखर्च आपणापुढे मांडतो. तो या अहवालात पुढे यथाक्रम दिलेला आहेच. यंदा मात्र त्याआधी एका वेगळ्या विषयावर आपणाशी बोलावे, असे विश्वस्त मंडळाने ठरविले. विषय वरवर पाहता आपल्या माहूरपासून फार दूरचा, मुंबई-दिल्लीचा वाटेल. डॉक्टरांच्या तज्ज्ञ-संघटना आरोग्याचे कायदे आणि नियम घडविणाऱ्यांपर्यंत आपले म्हणणे कसे पोहोचवितात, आणि त्याचे परिणाम आपल्या दाराशी कसे येतात, हा तो विषय. याच वर्षी एक निवेदन आमच्या सहीसाठी आले आणि आमच्यामध्ये मतभेद झाले. त्या मतभेदाचा हिशेबही आपणास द्यावा, ही आमची भावना आहे. देणगीच्या पैशाचा हिशेब द्यायचा आणि न्यासाच्या नावाने केलेल्या सहीचा द्यायचा नाही, हे योग्य नव्हे.

आपले गाव आईचे गाव आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकामातेच्या पायथ्याशी आपण बसलो आहोत. परशुरामाने आपल्या आईचे उत्तरकार्य जेथे केले अशी श्रद्धा आहे, ते मातृतीर्थ येथून जवळच आहे. नवरात्रात लक्षावधी पावले या गडाकडे वळतात. त्याच गडाच्या भोवतालच्या तांड्यांतून, पोडांतून आणि वाड्यांतून गरोदर स्त्रिया आमच्या रुग्णालयात येतात. त्यांना जी तपासणी वेळेवर मिळाली पाहिजे आणि अनेकदा मिळत नाही, ती म्हणजे सोनोग्राफी. याच तपासणीभोवती गेल्या चार दशकांत या राज्यात एक मोठा कायदेशीर संघर्ष झाला, आणि त्यात तज्ज्ञ-संघटनांचा वाटा मोठा आहे. म्हणून त्याचीच हकीकत आम्ही उदाहरणादाखल घेत आहोत.

गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. तो डॉक्टरांच्या संघटनांनी मागून घेतलेला नव्हता. मुंबईतील स्त्री-संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि विवेकी वैद्यकांचा एक गट यांनी एकत्र येऊन ही मोहीम चालविली. विधानसभेत मृणाल गोरे यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न लावून धरला. पुढे १९९४ साली संसदेने देशव्यापी कायदा केला, तो १९९६ च्या प्रारंभापासून अमलात आला. परंतु कागदावरचा कायदा कागदावरच राहिला. तेव्हा २००० साली सेहत व मासूम या महाराष्ट्रातील दोन संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने राज्यांना अंमलबजावणीचे आदेश दिले, आणि २००३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन तो अधिक कडक झाला.

तो कडक होण्याची गरज आकड्यांनी दाखविली. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ९१३ होती. २०११ मध्ये ती ८९४ वर आली. आपल्या मराठवाड्यातीलच बीड जिल्ह्यात ती याच दहा वर्षांत ८९४ वरून ८०७ वर घसरली. मातेच्या शक्तिपीठांचा वारसा सांगणाऱ्या प्रदेशाला हे भूषणावह नाही, हे आम्ही खेदपूर्वक नमूद करतो.

या कायद्याचा कणा म्हणजे नोंद. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी करताना फॉर्म एफ भरावा लागतो. तपासणीचे कारण, स्त्रीचे निवेदन आणि ‘आम्ही गर्भाचे लिंग सांगितलेले नाही’ अशी डॉक्टरची प्रतिज्ञा त्यात असते. नोंदीतील उणीव हा कायद्याचा भंग मानला जातो, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार डॉक्टरवर असतो. पहिल्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. आरोपनिश्चिती होताच वैद्यकीय नोंदणी निलंबित होऊ शकते. यंत्र मोहोरबंद होते ते वेगळेच.

येथेच तज्ज्ञ-संघटना पुढे आल्या. स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांचा महासंघ, ज्याला सर्वजण फॉग्सी या नावाने ओळखतात, १९५० साली स्थापन झाला. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे आणि गावोगावच्या दोनशेहून अधिक संस्था त्याच्या सदस्य आहेत. क्ष-किरण व सोनोग्राफी तज्ज्ञांची इंडियन रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशन ही दुसरी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एखादा रकाना मोकळा राहणे, पत्ता अपुरा असणे आणि पैसे घेऊन गर्भाचे लिंग सांगणे यांना एकाच तराजूत तोलू नये. हे म्हणणे मांडण्यासाठी त्यांनी जे मार्ग अवलंबिले, ते पाहिले म्हणजे अशा संघटना काम कशा करतात हे नीट समजते.

पहिला मार्ग निवेदनाचा. विधेयकाचा वा नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला की शासन हरकती व सूचना मागविते. सामान्य माणसाला त्याची वार्ताही नसते. संघटनेकडे मात्र वकील, अभ्यास-समिती आणि ठरलेल्या मुदतीत लेखी म्हणणे पाठविणारे कार्यालय असते. दुसरा मार्ग शिष्टमंडळाचा. मंत्री, सचिव आणि संसदेच्या स्थायी समितीचे सदस्य यांची भेट घेण्याचा. तिसरा मार्ग आसनाचा. या कायद्याखालील केंद्रीय पर्यवेक्षण मंडळावर महिला संसद सदस्य व स्त्री-संघटनांच्या प्रतिनिधींबरोबर स्त्रीरोग, बालरोग आणि आनुवंशिकी शास्त्राच्या जाणकारांनाही स्थान आहे. जेथे नियम घडतात त्या मेजाशी बसण्याचा हा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. चौथा मार्ग संपाचा. १ सप्टेंबर २०१६ रोजी क्ष-किरण तज्ज्ञांनी देशभर सोनोग्राफी बंद ठेवली होती. आणि पाचवा मार्ग न्यायालयाचा.

या पाचव्या मार्गाने फॉग्सी सर्वोच्च न्यायालयात गेली. नोंदीतील चुकांना गुन्हा मानणाऱ्या आणि नोंदणी निलंबित करणाऱ्या कलमांना तिने आव्हान दिले. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली. फॉर्म एफ हा केवळ कारकुनी कागद नसून या कायद्याचा मूलाधार आहे, तो सैल केला तर कायद्याचा हेतूच विफल होईल, असा त्या निकालाचा आशय होता. संघटना कितीही प्रबळ असली तरी तिचे प्रत्येक म्हणणे मान्य होतेच असे नाही, हे यावरून दिसते.

परंतु संघटनांचे म्हणणे नेहमी स्वार्थाचेच असते, असाही समज आपण करून घेऊ नये. गर्भपाताच्या कायद्याचे उदाहरण घ्या. महाराष्ट्राचे तेव्हाचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर १९७१ साली तो कायदा झाला, आणि त्याने वीस आठवड्यांची मर्यादा घातली. २००८ साली मुंबईच्या निकेता मेहता यांनी, गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे मर्यादेनंतर कळल्यामुळे, मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. त्यांच्यासोबत त्यांचे डॉक्टर निखिल दातार हेही न्यायालयात उभे होते. परवानगी मिळाली नाही. त्यानंतर अनेक वर्षे तज्ज्ञ डॉक्टरांनी आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांनी हा विषय जिवंत ठेवला, आणि २०२१ साली संसदेने दुरुस्ती केली. काही विशिष्ट परिस्थितींतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत गेली, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही वाट खुली झाली. यंत्राच्या पडद्यावर काय दिसते आणि किती उशिरा दिसते, हे डॉक्टरांवाचून खासदारांना कोण सांगणार होते?

याच दुरुस्तीची दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. २०१४ सालच्या मसुद्यात आयुष डॉक्टर, परिचारिका आणि प्रसाविका यांनाही प्रशिक्षणानंतर लवकरच्या गर्भपाताची सेवा देता यावी, असा प्रस्ताव होता. डॉक्टरांच्या संघटनांनी त्यास विरोध केला. २०२१ च्या कायद्यात तो प्रस्ताव उरला नाही. विरोधामागे रुग्णाच्या सुरक्षिततेची काळजी होती हे आम्ही मान्य करतो. मात्र ज्या तालुक्यात स्त्रीरोगतज्ज्ञ शोधूनही सापडत नाही, तेथील स्त्रीची सुरक्षितता त्या निर्णयाने वाढली की घटली, हा प्रश्न त्या चर्चेत किती वेळा विचारला गेला असेल, याची आम्हांस शंका आहे.

हे आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेत १९२१ साली माता व अर्भकांच्या आरोग्यासाठी सरकारी निधी देणारा कायदा झाला. १९२२ साली तेथील डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने त्याचा निषेध केला. त्याच संघटनेच्या बालरोग विभागाने मात्र त्याला पाठिंबा दिला. पुढे १९२९ साली तो कायदा संपुष्टात आला, आणि १९३० साली बालरोगतज्ज्ञांनी आपली स्वतंत्र अकादमी स्थापन केली. मुलांच्या वतीने बोलण्यासाठी डॉक्टरांना आपल्याच संघटनेतून बाहेर पडावे लागले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आपल्याकडेही संघटनांना पैसा कोठून येतो, याचा विचार कायद्याने केलेला आहे. अर्भकांच्या दूध-भुकटीसंबंधीच्या १९९२ च्या कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली, आणि अशा भुकटीच्या उत्पादकांनी आरोग्यसेवकांच्या संघटनांना देणग्या देण्यास वा त्यांच्या परिषदांचा खर्च उचलण्यास मनाई करण्यात आली. ज्याचे मीठ खावे त्याच्या विरुद्ध बोलणे कठीण जाते, हे जुने शहाणपण त्या कलमात उतरले आहे.

आता आमच्या दाराशी आलेल्या निवेदनाकडे वळतो. ते कोणाचे होते हे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यातील मागण्या महत्त्वाच्या. पहिली मागणी दोन केंद्रांच्या नियमाविषयी होती. जून २०१२ मध्ये नियमांत अशी भर पडली, की एका डॉक्टरने एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांत सोनोग्राफी करावी, आणि त्याच्या वेळाही ठरलेल्या असाव्यात. एकाच डॉक्टरचे नाव अनेक केंद्रांच्या पाटीवर लावून भलत्याच हातांनी यंत्र चालविण्याचे प्रकार थांबावेत, हा त्यामागील हेतू. हेतू रास्तच होता. परंतु नांदेडमध्ये दोन ठिकाणी काम करणारा तज्ज्ञ, मनात असूनही, सव्वाशे किलोमीटरवरील माहूरला महिन्यातून दोन दिवस येऊ शकत नाही, हा त्याचा आमच्यावर झालेला परिणाम आहे.

तो परिणाम म्हणजे काय, हे एका प्रसंगाने सांगतो. मागील पावसाळ्यात एका तांड्यावरील भगिनी आठव्या महिन्यात रक्तस्राव होऊन रात्री आमच्याकडे आली. वार खाली आलेली होती. सोनोग्राफीने ती गोष्ट आधी कळू शकली असती. परंतु त्या महिन्यात आमच्याकडे सोनोग्राफी झालीच नव्हती, आणि नांदेडला जाऊन येण्याची मजुरी बुडविणे तिच्या घराला परवडणारे नव्हते. आम्ही रक्तस्राव आवरून तिला रुग्णवाहिकेने पुढे धाडले. आई वाचली, बाळ वाचले नाही. तिच्या सासूबाई पंधरा दिवसांनी चादर परत करण्यासाठी आल्या. त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. ‘यंत्र होतं ना इथं?’ एवढेच त्यांनी विचारले. यंत्र होते. ते कपड्याने झाकून ठेवलेले होते, कारण ते चालविण्याचा अधिकार असलेला माणूस आमच्याकडे नव्हता.

म्हणून पहिल्या मागणीवर आम्ही सही केली. पण सरसकट नव्हे. दुर्गम व आदिवासी तालुक्यांपुरती, धर्मादाय वा शासकीय रुग्णालयांपुरती, आणि प्रत्येक तपासणीची नोंद जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे नियमित जाईल या अटीवर सवलत द्यावी, असे आम्ही स्वतंत्र पत्रात लिहिले.

दुसरी मागणी नोंदीतील चुकांना शिक्षेतून वगळण्याची होती. येथे आमच्यामध्ये मतभेद झाले. आमच्या ज्येष्ठ डॉक्टर भगिनींचे म्हणणे असे, की प्रामाणिक डॉक्टरला एका मोकळ्या रकान्यापायी गुन्हेगारासारखे उभे राहावे लागते, आणि या भीतीनेच तरुण तज्ज्ञ आपल्या तालुक्याकडे पाठ फिरवितात. हे म्हणणे अनुभवातून आलेले आहे. ते आम्ही हलके मानत नाही. तरीही बहुमताने आम्ही त्या मागणीवर सही केली नाही. बंद खोलीत उच्चारलेल्या एका शब्दाचा पुरावा कोठेच उरत नाही. उरतो तो कागद. तो कागद नीट भरण्याची शिस्त आम्ही पाळू, त्यासाठी स्वतंत्र लेखनिक नेमू, पण त्या कागदाचे महत्त्व कमी करा असे आम्ही म्हणणार नाही. भगिनींचे विरोधी मत सभावृत्तात त्यांच्याच शब्दांत नोंदविले आहे.

तिसरी मागणी एमबीबीएस डॉक्टरांच्या सहा महिन्यांच्या सोनोग्राफी प्रशिक्षणाविषयी होती. असे नियम जानेवारी २०१४ मध्ये आले; २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांतील तरतुदी रद्द केल्या, आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. या निवेदनात अशा प्रशिक्षित डॉक्टरांचे अधिकार आणखी मर्यादित करावेत, असे म्हटले होते. आम्ही त्यास स्पष्ट नकार कळविला. माहूरला तज्ज्ञ मिळत नाही, आणि प्रशिक्षित एमबीबीएस डॉक्टरही नको, असे म्हणणे म्हणजे तांड्यावरच्या भगिनीने रक्तस्रावाची वाट पाहावी असे म्हणण्यासारखे आहे.

आपणापैकी कोणी विचारील, की इतरांचे स्वार्थ तपासणारे तुम्ही, तुमचे काय? प्रश्न योग्य आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावयाचे असतात. या अटी सैल व्हाव्यात म्हणून धर्मादाय रुग्णालयांकडूनही निवेदने जातात, आणि त्यांवर सही करण्याचा मोह आम्हांलाही होतो. वर्षअखेरीस तूट दिसू लागली की तो मोह वाढतो. म्हणून आम्ही स्वतःस नियम घालून घेतला आहे: ज्या मागणीने रुग्णाच्या पदरात काय पडेल हे आम्हांला एका वाक्यात सांगता येणार नाही, तिच्यावर न्यासाची सही होणार नाही.

यापुढे न्यासाच्या नावाने पाठविलेले प्रत्येक निवेदन, त्यामागील कारण आणि विरोधी मत असल्यास तेही, या वार्षिक अहवालात छापले जाईल. या वर्षीचे पत्र परिशिष्टात दिले आहे. आपण ते वाचावे, आणि पटले नाही तर निःसंकोच लिहावे.

स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना आहे, क्ष-किरण तज्ज्ञांची आहे, बालरोगतज्ज्ञांची आहे. त्या असाव्यात, त्यांच्या ज्ञानावाचून चांगला कायदा होणार नाही. तांड्यावरील गरोदर स्त्रीची मात्र संघटना नाही. तिच्याकडे लेटरहेड नाही, मुंबईत कार्यालय नाही, हरकतींची मुदत केव्हा संपते हे तिला कोणी सांगत नाही. तिच्या वतीने बोलणारे थोडेच आहेत, आणि आपल्या देणगीवर चालणारे हे रुग्णालय त्यांपैकी एक आहे. १९८८ साली या राज्यात पहिला कायदा झाला तो अशाच थोड्या लोकांच्या चिकाटीने, हे आम्ही विसरत नाही.

आमचे पत्र पोहोचल्याची पोच आली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. आम्ही पुन्हा लिहू. तोवर, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी गरोदर भगिनींना सोनोग्राफीसाठी नांदेडला नेऊन परत आणण्याकरिता एक वाहन सुरू करण्याचा विश्वस्त मंडळाचा संकल्प आहे. त्याचा अंदाजित खर्च जमाखर्चाच्या पत्रकात स्वतंत्र दाखविला आहे. आपण आजवर दिलेल्या उदार हाताची आम्हांस जाणीव आहे. या कामीही तो लाभावा, ही नम्र विनंती.

रेणुकामातेच्या कृपेने आणि आपल्या सद्भावनेने हे कार्य पुढे चालत राहो.

आपले कृपाभिलाषी,
न्यासाच्या वतीने, विश्वस्त मंडळ व वैद्यकीय सेवक वर्ग
माहूर, जि. नांदेड